फ्लेक्सवरून डावीकडे

पुण्याजवळच्या रहाटणीत मी पहिल्यांदा हरवले ती दूध आणायला गेले तेव्हा. डेअरी आमच्या खोलीच्या मागच्याच गल्लीत होती. जाताना बरोबर गेले. येताना मात्र पिशवी हातात धरून चालत राहिले ती थेट काळेवाडीत, आणि तिथं एका बाईला “रहाटणी कुठं राहिली?” असं विचारत उभी राहिले. भाऊ पहिल्या पाळीहून येऊन नुकताच जेवायला बसला होता. भरल्या ताटावरून उठून तो मला शोधायला निघाला. घरी आल्यावर वहिनीनं दूध तापवायला ठेवलं तर ते नासलं. तिनं त्यात गूळ घालून वाटीभर कलाकंदासारखं काहीतरी केलं आणि म्हणाली, रोज हरवत जा, गोड खायला मिळतंय. भाऊला काही हसू आलं नाही.

औंढ्याकडच्या आमच्या गावात हरवायला जागाच नव्हती. एक रस्ता, त्याच्या एका टोकाला मारुती आणि दुसऱ्या टोकाला ओढा. ओढ्यापलीकडं शाळा. पाऊस लागला की ओढ्याला पाणी यायचं आणि आम्ही मुली घरी बसायचो. आठवीनंतरच्या एका पावसाळ्यात बसले ती बसलेच. मग आई गेली, आणि भाऊ-वहिनी मला त्यांच्याबरोबर इकडं घेऊन आले. भाऊ चाकणच्या एका कंपनीत होता, गाड्यांच्या दरवाज्यांचे पार्ट करायचा. पहाटे कंपनीची बस चौकात येऊन दोनदा हॉर्न वाजवायची. दुसरा हॉर्न संपायच्या आत भाऊ जिन्यावरून खाली गेलेला असायचा आणि वहिनी वरून त्याच्या डब्याची पिशवी खाली सोडत असायची. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, खाली लेथ मशीनचं वर्कशॉप. दिवसभर लोखंड कापल्याचा बारीक किरकिराट जमिनीतून तळपायात यायचा. सुरुवातीला माझे दात शिवशिवायचे. पुढं इतकी सवय झाली की रविवारी मशीन बंद असलं की वहिनी म्हणायची, आज कसं कुणी मेल्यासारखं वाटतंय. गावाहून येताना तिनं येसराचा, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाचा, डबा आणला होता. पंधरवड्यातून एकदा त्याची आमटी व्हायची, ज्वारीच्या भाकरी व्हायच्या, आणि त्या दिवशी आम्ही तिघं एकमेकांशी फार बोलत नसू. बोललो असतो तर गावाकडचं बोललो असतो.

काम मला लवकर लागलं. शेजारच्या इमारतीत कुसुममावशींची खानावळ होती. पोळ्या माझ्या बऱ्या व्हायच्या, त्यामुळं मावशी खूश होत्या. पण दुपारी डबे पोचवायचं कामही माझ्याकडं आलं आणि तिथं माझी पंचाईत झाली. आता हे आमच्या भागाबाहेरच्यांना सांगायला पाहिजे की तिथं पत्ता कसा सांगतात. गल्लीला नाव नाही, असलं तर ते कुणाला माहीत नाही. पत्ता सांगायचा फ्लेक्सवरून. प्रत्येक कोपऱ्यावर कुठल्यातरी अण्णांच्या, दादांच्या, भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असायचाच. मावशी सांगायच्या, चष्मेवाल्या दादांवरून डावीकडं, मग पुढं मोबाईल कानाला लावलेले अण्णा दिसतील, त्यांच्यासमोरचा जिना. मी ते पाठ करायचे, देवाचं नाव घेतल्यासारखं पुटपुटत जायचे. अडचण अशी की वाढदिवस रोज कुणाचा ना कुणाचा असतो. दादा जाऊन तिथं दहीहंडी यायची, अण्णांच्या जागी कुणाला तरी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लागायची, आणि माझा रस्ता पुसला जायचा. इतरांना त्यानं काही होत नव्हतं. त्यांच्या डोक्यात फ्लेक्सच्या मागचा रस्ता असायचा. माझ्या डोक्यात फक्त दादा.

भाऊ मग एकदा जेवताना, ताटाकडं बघतच म्हणाला, “दिवाळीला तिघं जाऊ. येताना दोघं येऊ. अर्चना गावातच राहील, काकूकडं.” त्यात राग नव्हता. मला शोधताना त्याची दोनदा दुसऱ्या पाळीची बस चुकली होती आणि सुपरवायझरनं त्याला सगळ्यांसमोर ऐकवलं होतं. काकू वाईट नव्हती. पण इथं मला पोळ्यांचा हात होता, मावशींची शाबासकी होती, वहिनी होती. आणि खरं सांगायचं तर इथं रोज कुणीतरी माझी वाट बघत होतं, निदान डब्याची तरी. दिवाळी जसजशी जवळ येत होती तसतशी मी जास्त घाबरत होते, आणि घाबरले की जास्त हरवत होते.

मॅडमची ओळख अशा हरवण्यातूनच झाली. त्यांचा आणि त्यांच्या वडिलांचा डबा आमच्याकडून जायचा. मॅडम पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मेंदूचा अभ्यास करायच्या, सकाळी जायच्या ते दिवेलागणीला यायच्या. वडील, आप्पा, मूळ रहाटणीचेच शेतकरी. शेतं जाऊन तिथं इमारती झाल्या आणि त्यातल्याच एका इमारतीत पहिल्या मजल्यावर बापलेक राहत होते. आप्पांना तिखट चालत नसे, म्हणून त्यांची भाजी मी वेगळी काढायचे. एका सुट्टीच्या दिवशी मी तो डबा उतरत्या दुपारी, जेवणाची वेळ कधीच टळून गेल्यावर घेऊन पोचले. रडून तोंड सुजलेलं. दार मॅडमनं उघडलं. आता ऐकायला मिळणार म्हणून मी मान खाली घातली, तर त्या डबा हातात घ्यायचा विसरून म्हणाल्या, “कुठून कुठून आलीस? सांग ना.”

मला वाटलं टोमणा आहे. पण त्यांचे डोळे असे चमकत होते, जसे आमच्या वहिनीचे नवीन साडी उलगडताना चमकतात. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं, कागद-पेन दिलं आणि आलेला रस्ता काढायला सांगितला. मी चार मिशा काढल्या, दोन चष्मे काढले, एक मोबाईल काढला आणि मधून एक रेघ ओढली. आप्पा वाकून बघत म्हणाले, “ह्यो नकाशा हाय का मतदार यादी?” मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग मीही हसले. भात गार झाला होता, आप्पांनी तो तसाच ताकात कालवून खाल्ला.

त्या दिवशी आणि नंतर पुष्कळदा, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी डबा द्यायला गेले की, मॅडमनी मला जे सांगितलं ते मी माझ्या समजेनं सांगते. कुणी जाणकार वाचत असेल तर सांभाळून घ्यावं. त्या उंदरांवर काम करायच्या. उंदराच्या मेंदूत म्हणे बारीक बारीक पेशी असतात आणि प्रत्येकीनं आपापली जागा वाटून घेतलेली असते. उंदीर खोक्याच्या या कोपऱ्यात आला की ही पेशी जागी होते, त्या कोपऱ्यात गेला की ती. माणसाचंही तसंच. आपण आपल्या दारात आलो की आत कुठंतरी आपल्या दाराची पेशी म्हणते, आलं गं घर. मी विचारलं, मग माझ्या पेशींना काय झालंय, आमच्या गावच्या लाईटीसारखं आहे का, कधी असते कधी नसते? मॅडम म्हणाल्या, “तुझ्या पेशी चांगल्या आहेत. तू त्यांना खुणा फसव्या देतेस. उंदरासमोरचा दिवा आम्ही सारखा हलवत राहिलो ना, तर तोसुद्धा त्या दिव्याकडं बघायचं सोडून देतो. तू मात्र फ्लेक्स धरून बसलीस.” उंदरापेक्षा आपण मागं आहोत याचं मला वाईट वाटायला हवं होतं, पण उलट हलकं वाटलं. तोवर मी वेंधळी होते, अपशकुनी होते, काकूच्या भाषेत डोक्यात भुसा भरलेली होते. माझं नुसतं धरायचं चुकतंय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी एक नियम घालून दिला. जे चार माणसांना उचलून नेता येत नाही ते धर. मी जोरात कामाला लागले. पहिली खूण धरली ती चौकातल्या गंजलेल्या जीपची. तिच्यात मांजरी व्यायच्या, बॉनेटवर लोक कोथिंबीर विकायचे, इतकी ती जुनी. महापालिकेनं नेमकी त्याच आठवड्यात ती क्रेननं उचलून नेली. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, चार माणसं म्हणाले होते, क्रेन विसरलेच. त्यांचंही तसं बरंच विसरायचं. इमारतीच्या पार्किंगमध्ये स्वतःची स्कूटर शोधत फिरायच्या आणि मी दिसले की पुटपुटायच्या, कुणाला सांगू नकोस हं, माझी नोकरी जाईल. मग मी पाण्याची टाकी धरली, वडाचा पार धरला. दहातल्या सात वेळा, असं म्हणू या, बरोबर जायला लागले. पण भीती गेली नाही. ती अजूनही गेलेली नाही. आता फोनमधली बाई रस्ता सांगते, माझी लेक म्हणते, आई तुला काय अवघड आहे, आणि मी तरी कुठंही जायचं म्हटलं की अर्धा तास आधी निघते.

पावसाळा सरला आणि मॅडमना देशातला एक मोठा मानाचा पुरस्कार जाहीर झाला. पेपरात फोटो आला. कुसुममावशींनी तो पेपर पोळ्यांखाली घालायला कुणाला दिला नाही. मॅडमच्या डब्यात त्या दिवशी बासुंदी गेली. आमच्या भागात एक अण्णा होते, निवडणुकीला उभं राहायच्या तयारीत. त्यांनी मंगल कार्यालय घेऊन जाहीर सत्कार ठेवला. मॅडमना तो नको होता. पण आप्पा म्हणाले, “गावानं बोलावलं तर जावं, वैजे.” वैजयंतीची वैजी फक्त आप्पांचीच. मग त्या हो म्हणाल्या.

सत्काराच्या दिवशी अण्णांची माणसं मॅडमना उघड्या जीपमधून, ढोल-ताशात घेऊन जाणार होती. आप्पांना तो दणदणाट सोसत नसे. रिक्षा बोलवू म्हटलं तर ते रागावले, आपल्याच गावात भाड्याच्या गाडीत बसून जाऊ व्हय? आणि एकट्यानं त्यांना सोडायची सोय उरली नव्हती. गेल्या वर्षभरात तेही मधेच थांबायचे, इकडंतिकडं बघायचे, रस्ता विसरायचे. ज्या बाईचं सगळं आयुष्य माणूस वाट कशी शोधतो हे बघण्यात गेलं तिच्याच घरात हे चाललं होतं, आणि त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. मला एकदाच म्हणाल्या होत्या, आप्पा चुकले तर हसत जा बरं का, ते घाबरले की जास्त चुकतात. तर त्या म्हणाल्या, आप्पांना अर्चना आणेल. भाऊ तेव्हा योगायोगानं मला न्यायला तिथं आला होता. तो पुढं होऊन म्हणाला, “मॅडम, हिला नका सांगू. ही स्वतः पोचली तरी लई झालं.” मॅडम म्हणाल्या, “ती आणेल.” जिना उतरताना भाऊ दोन पायऱ्या पुढंच राहिला. माझ्या डोळ्यांसमोर काकूचं अंगण आलं.

आदल्या दिवशी मी तालीम केली. मॅडमच्या दारापासून कार्यालयापर्यंत एकटी चालत गेले. मधल्या तिठ्यावर तेवढ्यात पोरं मॅडमचा फ्लेक्स बांधत होती. हा मोठा, हसरा चेहरा, वर ‘रहाटणीची सुकन्या’, खाली ‘मेंदूतील रस्त्यांच्या थोर संशोधिका’ आणि त्याखाली शुभेच्छुकांचे फोटो, मॅडमपेक्षा अण्णा थोडे मोठे. मला भरून आलं. सगळे फ्लेक्स फसवतील, मॅडम कशा फसवतील? सगळं शिकवलेलं विसरून मी तीच खूण धरली. मॅडमवरून डावीकडं. घोकत घोकत झोपले.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता आप्पांना धुतलेलं धोतर, नवी टोपी घालून मी खाली आणलं. थोडं चाललो तर मॅडम दिसल्या. एवढ्या लवकर? असतील, म्हणून डावीकडं वळले. पुढच्या कोपऱ्यावर परत मॅडम. मी परत वळले. मग डेअरीवर मॅडम, विजेच्या खांबावर मॅडम, शौचालयाच्या भिंतीवर मॅडम. अण्णांनी रातोरात सगळ्या रहाटणीत एकच फ्लेक्स लावला होता. जिकडं बघावं तिकडं त्या माझ्याकडं बघून हसत होत्या. लांबून ढोल ऐकू येत होता, तोही सगळ्या बाजूंनी आल्यासारखा. आप्पा दमून एका बंद दुकानाच्या कट्ट्यावर बसले आणि त्यांनी विचारलं,

“कुठं आलो गं?”

“आप्पा, मला माहीत नाही.”

“मला बी न्हाई,” ते म्हणाले. मग समोरच्या फ्लेक्सकडं बघून, “आन् हिला तर कायच म्हाईत न्हाई, नुसती हसतीया.”

आप्पा चुकले तर हसायचं, एवढं माझ्या लक्षात होतं. दोघंही चुकले तर काय करायचं ते मॅडमनी सांगितलं नव्हतं. मी हसले. आप्पाही हसले, खोकला येईपर्यंत. त्या हसण्यात भीती जरा सैल झाली आणि मला पायाखालचं दिसलं. कुणीतरी ओटा धुतला होता आणि ते पाणी रस्त्याच्या कडेनं वाहत चाललं होतं. मी आप्पांना विचारलं, नदी खालच्या अंगाला ना? ते लगेच म्हणाले, “मग काय वर चढंल व्हय?” तर पाणी जातंय तिकडं नदी. आणि कार्यालय? कार्यालय त्यांना माहीत नव्हतं. नदीच्या वरच्या अंगाला त्यांचं चिंचेचं रान होतं, तेवढं सांगितलं. मला एकदम आठवलं, खानावळीची मोठी पातेली द्यायला मी कार्यालयाच्या मागच्या बाजूला गेले होते आणि तिथल्या पत्र्याच्या शेडवर केवढी तरी चिंच वाकलेली होती. चार माणसांना काय, क्रेनलाही उचलता न येणारी.

नदीकडं पाठ केली आणि आप्पांचा हात धरून चढाला लागलो. कोपऱ्याकोपऱ्यावर मॅडम हसत होत्या, मी त्यांच्याकडं बघितलं नाही. आप्पा मधेच थांबायचे आणि एखाद्या इमारतीकडं बोट करून सांगायचे, हितं विहीर हुती, हितं म्हस बांधायचो. बरं आप्पा, म्हणत मी छपरांवरून चिंचेचा शेंडा शोधत होते. तो दिसायच्या आधी वास आला. मसालेभाताचा. लवंग जरा जास्त झालेली. त्या वासात चुकायचं मला कारणच नव्हतं.

आम्ही मागच्या अंगानं शिरलो ते थेट भटारखान्यात. एक आचारी जिलबी काढता काढता म्हणाला, पंगत नंतर आहे आजोबा. त्याच्या मागचं दार उघडलं आणि पडदा बाजूला केला तर आम्ही स्टेजवर. अण्णा माईकवर होते. ते सांगत होते की आपल्या ताईंनी मेंदूतले रस्ते शोधून काढले, तेव्हा आता हिंजवडीची ट्रॅफिकसुद्धा त्याच सोडवतील. टाळ्या चालू होत्या. मॅडम खुर्चीत बसलेल्या नव्हत्या. स्टेजच्या कडेला उभं राहून समोरच्या मुख्य दाराकडं बघत होत्या, हातात पदराचं टोक गुंडाळलेलं. शाल तिथंच घडी घातलेली. नंतर कळलं, त्यांनी दोनदा नको म्हणून सांगितलं होतं, वडील येऊ देत. आप्पा त्यांच्या पाठीमागून गेले आणि म्हणाले, “वैजे, तिकडं काय बघतीस?”

त्या वळल्या. आधी आप्पांना बघितलं, मग मला. सत्कार, अण्णा, समोरची गर्दी, सगळं विसरून त्या माझ्याजवळ आल्या आणि तेच चमकते डोळे करून म्हणाल्या, “कुठून कुठून आलीस? सांग ना.” अण्णांच्या हातातला माईक चालूच होता. मला त्याचं भान नव्हतं. मी म्हणाले, “मॅडम, आधी तुमच्यावरून डावीकडं वळले, ते चुकलं. मग नदीकडं पाठ केली आणि चिंच धरली.” ते अख्ख्या कार्यालयात घुमलं आणि मंडप हसला. अण्णाही हसले, आणि त्या गडबडीत त्यांनी मॅडमची शाल आप्पांच्या खांद्यावर घातली. मॅडमनी ती काढू दिली नाही. त्यांचं भाषण अगदी छोटं झालं. मला त्यातलं एवढंच आठवतं की माझ्या प्रयोगशाळेतल्या उंदरांत आज दोन माणसांची भर पडली, असं काहीतरी त्या म्हणाल्या आणि परत सगळे हसले.

पंगत उठताना भाऊ आला. कंपनीच्या कपड्यांतच होता, घामानं निथळत. आम्ही वेळेत आलो नाही म्हणून कुणीतरी त्याला सांगितलं होतं आणि तो मोटारसायकलवरून गल्ल्या पालथ्या घालत होता. मी जिलबी खात होते. तो माझ्याकडं बघत उभा राहिला. मॅडमनी त्याच्यासाठी पान वाढायला लावलं आणि जेवताना काय घडलं ते सगळं सांगितलं. तो मान हलवत ऐकत होता, मसालेभात दोनदा घेतला. हात धुऊन आला, किल्ली काढली आणि मी नेहमीसारखी मागं बसायला गेले तर म्हणाला, “मी पुढं जातो. तू ये.”

मी आले. सावकाश आले, वडाच्या पाराशी थांबून एकदा श्वास घेतला, पण आले. भाऊ जिन्याशी मोटारसायकलची साखळी बघत बसला होता. साखळीला काही झालेलं नव्हतं. मी वर गेले, पाठोपाठ तोही आला, आणि बूट काढता काढता, माझ्याकडं न बघता म्हणाला, उद्या दिवाळीच्या गाडीचं बुकिंग करायचंय.

“जातानाची तीन. येतानाची किती काढू?”

आतून वहिनी म्हणाली, “तीन.”

“तुला कुठं विचारायलो? हिला विचारायलो.”

मी तीन म्हणाले. त्यानं ऐकलं की नाही कळेना, म्हणून परत एकदा म्हणाले.